चालवायची पद्मिनी: मूळचं काय ठेवायचं, काय बदलायचं?

घाटवाट (कोल्हापूर)
नमस्कार मंडळी. गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. पेट्रोल, स्टिअरिंगवरचा गिअर. रंग मुळात फिकट निळा, त्यावर मधल्या काळात कुणीतरी पांढरा मारलाय. सांगलीतून घेतली. इंजिन ऑइल पितं, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, तिसरा गिअर दांड्याने शोधावा लागतो. सध्या इंजिन खाली उतरवलंय, सीटा काढल्यात. इथून पुढे जे बसवायचं ते एकदाच नीट बसवायचं, म्हणून विचारतोय.

ही गाडी मला चालवायची आहे. अंबा घाटाने रत्नागिरी, पाऊस ओसरला की आंबोली, सुट्टीच्या दिवशी राधानगरी-दाजीपूर. साठ-पासष्टचा वेग, मागे मुलं, पुढे आम्ही दोघं आणि मध्ये डबा. लग्नाला भाड्याने देणार नाही, ताडपत्रीखाली झाकूनही ठेवणार नाही.

मी ठरवलंय ते असं. चालवताना हाताला, पायाला, कानाला जे जाणवतं ते मूळचंच राहील. १०८९ सीसीचं इंजिन, कॉलम शिफ्ट (म्हणजे स्टिअरिंगवरचा गिअर), पुढची अख्खी सीट, दाराच्या त्रिकोणी काचा, मोठं पातळ स्टिअरिंग, यांना हात लावायचा नाही. गाडी थांबण्याचा आणि पेट घेण्याचा प्रश्न जिथे येतो तिथे मात्र हट्ट धरायचा नाही. ब्रेकच्या नळ्या, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग, सीटचे पट्टे हे सगळं आजच्या दर्जाचं घालणार.

कॉलम शिफ्टवर माझा जीव आहे, तो का ते सांगतो. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी कडी) नाही. भरल्या गाडीने घाटातल्या आवळ वळणावर दुसरा कमी पडला की क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलकी रेस, परत क्लच आणि मग पहिला. हात स्टिअरिंगपासून वीतभरही लांब जात नाही, नजर रस्त्यावरून हलत नाही. एकदा हे अंगवळणी पडलं की गिअर पडतानाचा तो मऊ टक् बोटांना आधीच कळतो. नव्या गाडीत हे सुख मला मिळत नाही.

तुम्ही काय ठेवलंत, काय काढलंत? कारणासकट लिहा. एकाला जे आवडतं ते दुसऱ्याला आवडेलच असं नाही, पण कारण कळलं की मला माझं ठरवता येईल.

एनई_वाला (नाशिक)
मस्त विषय. मी तुमच्या अगदी उलट टोकाला आहे. माझ्या पद्मिनीत ११८ एनईचं इंजिन आणि गिअरबॉक्स आहे. निस्सानचं ए१२, ११७१ सीसी. प्रीमियर कंपनीने १९८५ ला ११८ एनई ही गाडी काढली तेव्हा तिच्यात हेच होतं. गिअर खाली जमिनीवर.

कारण सांगतो. मूळ फियाट इंजिनाच्या क्रँकला तीन मेन बेअरिंग, ए१२ ला पाच. सत्तर-पंचाहत्तरला मूळ इंजिन ओरडायला लागतं आणि मग ड्रायव्हरच्या मनावर ताण येतो. ए१२ त्याच वेगाला शांत चालतं. मी महिन्यातून एकदा तरी नाशिक-मुंबई करतो, कसाऱ्याला मागे ट्रकची रांग लागलेली मला आवडत नाही. गाडी बाहेरून पूर्ण पद्मिनी, क्रोमसुद्धा मूळचं. बॉनेट उघडल्याशिवाय कळत नाही.

दादा, तुम्ही मुलांना घेऊन जाणार आहात. ओव्हरटेक करताना हाताशी थोडी ताकद शिल्लक असणं हीसुद्धा सुरक्षितताच आहे.

डिलाइट६८ (पुणे)
धागा काढल्याबद्दल आभार. माझ्याकडे १९६८ ची फियाट ११०० डी, म्हणजे डिलाइट. १९६४ ला हे मॉडेल आपल्याकडे आलं, ७३ ला त्याचंच प्रेसिडेंट झालं आणि ७४ पासून पद्मिनी. तेव्हा आपल्या गाड्या सख्ख्या बहिणी आहेत.

मी काहीही बदललेलं नाही. डायनॅमोसुद्धा तोच आहे. डायनॅमो कमी रेसवर पुरेसा चार्ज देत नाही, सिग्नलला उभं राहिलं की हेडलाइट मंद होतात. म्हणून मी ही गाडी सूर्य मावळल्यानंतर बाहेर काढत नाही. हायवे टाळतो. सासवडमार्गे जेजुरी, भोर, पानशेत असे रस्ते निवडतो. गाडीला जे जमतं त्याप्रमाणे मी माझा दिवस आखतो आणि त्यातच मला आनंद आहे.

एक गोष्ट एनई_वाला यांना आदराने सांगतो. चाळीसेक हॉर्सपॉवरला पुरेल असे ब्रेक त्या गाडीला दिले होते. इंजिन वाढवलंत की ब्रेक वाढवावे लागतात, मग स्प्रिंगा, मग चाकं. एक धागा ओढला की वीण उसवत जाते. हे काम शेवटापर्यंत नेणारे थोडे, अर्ध्यावर सोडणारे फार पाहिले.

एनई_वाला (नाशिक)
काका, पटलं. माझे ब्रेक इंजिनाच्या आधी झाले होते, तो क्रम मीही कुणाला मोडू देणार नाही. दर वेळी कुणी विचारायला आलं की मी आधी ब्रेक दाखवतो, मग बॉनेट उघडतो.

लेथमास्तर (कोल्हापूर)
घाटवाट भावा, गाववाले निघालो आपण. माझं उद्यमनगरात लेथ आणि बोअरिंगचं काम हाय. चार गोष्टी सांगतो, उपयोग होईल.

ब्रेक डावीकडं ओढतोय म्हणजे बहुतेक उजवं चाक काम करंना. डावं उघडून बसू नका. आधी उजवा ड्रम काढा, व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत बघा. गंजाची खाच पडली असंल तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत) करून दिवस ढकलू नका, नवा सिलिंडर घाला. शूवर ब्रेक ऑइल गळलं असंल तर ते शू धुऊन परत वापरायचं नाही. ड्रम टर्न करायचे (लेथवर आतून घासायचे) तर पुढचे दोन्ही एकाच मापाला. एकच टर्न केला तर ओढणं काही जात नाही.

आणि तिसरा गिअर सापडत नाही त्याला गिअरबॉक्स कशाला खोलताय? कॉलमच्या खाली दांड्यांचे जे जोड हायत तिथले बुश (पिनेवर बसणाऱ्या छोट्या नळकांड्या) बघा. एका माणसाला वर गिअरचा दांडा हळू हलवायला सांगा आणि तुम्ही खाली टॉर्च धरून बसा. वरचा दांडा बोटभर हलला तरी खालचा पत्ता नसतो, मग कळतं माल कुठं मुरतोय ते. बाजारात रबराचे मिळतात, ते सहा महिन्यांत परत ढिले. मी नायलॉनच्या गजातून काढून देतो, आतून गुळगुळीत, पिनेवर हाताच्या जोरानं बसावा असा. कॉलम शिफ्टला जी नावं ठेवत्यात लोक, त्यातली निम्मी या बुशांमुळं हायत.

इंजिनाचं म्हणाल तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजल्याशिवाय कुणाचं ऐकू नका. वर, मध्ये, खाली, आणि आडवं-उभं दोन्ही. हेड ॲल्युमिनियमचं हाय, गाडी कधी तापली असंल तर ते वाकलेलं असतंय. सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून बघा, मगच नवं गॅस्केट घ्या.

तांबडीमाती (कुडाळ)
सगळे इंजिनाबद्दल बोलताहेत, मी पत्र्याबद्दल बोलते. कारण कोकणात गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते.

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. दाराखालची सिल, फ्लोअर, मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला धरल्यात ती जागा, इथे गंज लागला की गाडीचा कणाच जातो. आमची पद्मिनी घेतली तेव्हा वरून आरसा होती. मी फडक्यात लोहचुंबक गुंडाळून सिलवरून फिरवला. चाकाकडच्या टोकाला चुंबक हातातून सुटला, धरेच ना. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला तर लांबीची (डेंटरच्या पुट्टीची) जाड ढलपी निघाली. तिच्या मागे काथ्या कोंबलेला, आणि काथ्याच्या मागे पत्रा नव्हताच. दार उघडं असताना जॅक लावला की दार परत बसेना, याचं कारण तेव्हा कळलं.

म्हणून माझी आवड सांगायची तर पैसे आधी पत्र्याला. आम्ही सिल आतून-बाहेरून नवी वेल्ड केली, वेल्डिंगच्या वेळी दारं बसवलेलीच ठेवली म्हणजे फट सारखी राहते. आत झिंक प्रायमर, आणि सिलच्या पोकळीत मेणाचा फवारा. खालची पाणी निघायची भोकं डेंटर मंडळी लांबीने बुजवून टाकतात, ती उघडी ठेवून घ्या. समोर उभं राहून घ्या.

रंगाचं मात्र मला एवढं नाही. ज्यांना आरशासारखा रंग हवा त्यांनी करावा. मला लाल धुळीत, पावसात न घाबरता नेता येईल असा साधा रंग बरा वाटतो.

घाटवाट (कोल्हापूर)
ताई, आज दुपारी चुंबक फिरवला. डावी सिल बरी आहे, उजवीला पुढच्या चाकाजवळ चुंबक सुटतो. उद्या उघडतो. लेथमास्तर, बुशांचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं. मी गिअरबॉक्स उघडायच्या तयारीत होतो, तो आता आहे तसा ठेवतो. उद्यमनगरात येऊन भेटतो.

पेट्रोलबद्दल कुणी लिहील का? पंपावर आता सगळीकडे इथेनॉल २० टक्के आहे.

सॉलेक्स (डोंबिवली)
मी लिहितो. मी एमआयडीसीत रबर मोल्डिंगमध्ये आहे आणि घरी ८१ ची पद्मिनी आहे, त्यामुळे दोन्ही बाजू रोज पाहतो.

जुन्या गाडीतलं रबर इथेनॉलसाठी बनवलेलं नव्हतं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा), नळ्या, कार्बोरेटरचे सील आधी फुगतात, मऊ पडतात, पुढे भेगा जातात. नळी बाहेरून चांगली दिसते म्हणून ठेवू नका. कापून पाहा, आतला थर बोटाला काळा लागला तर ती गेलेली आहे. आत फ्लुरोइलास्टोमरचा थर असलेली नळी घ्या, दुकानात व्हिटॉन म्हणून मागितली तरी कळते. पंपाचा डायफ्रॅमही त्याच मटेरियलचा मिळाला तर उत्तम.

दुसरं, इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर पाणी खाली बसतं आणि टाकी आतून गंजते. आणि जुन्या टाकीत वर्षानुवर्षांचा जो थर असतो तो इथेनॉलने सुटतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर वारंवार बदलावा लागतो. टाकी आताच उतरवा आणि धुऊन घ्या, इंजिन बाहेर आहे तोवर हे काम होऊन जातं.

तिसरं जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं. गाडी चढावर झटके देते, तापते, प्लग पांढरे पडतात. मेन जेट थोडा मोठा लागतो. किती मोठा ते प्लगचा रंग पाहून ठरवा, फिकट विटकरी रंग आला की थांबा. जेटला ड्रिल लावू नका, मापाचा जेट आणा.

घाटातल्या वाफेचा प्रश्न तर तुम्हाला येणारच. पंप इंजिनाच्या अंगावरच बसलेला, उन्हाळ्यात चढावर पेट्रोल नळीतच उकळतं आणि गाडी बंद पडते. पूर्वी सगळे पंपावर ओलं फडकं ठेवायचे. मी टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावला आहे आणि धडक बसली तर आपोआप बंद होणारा स्विच त्याला जोडला आहे. मूळ पंप दिसायला जागेवरच आहे. घाटवाट, तुमच्या नियमात हे बसतं, कारण हाताला-कानाला काही फरक जाणवत नाही.

डिलाइट६८ (पुणे)
मी अजूनही ओलं फडकंच ठेवतो. दिवेघाटात थांबावं लागलं तर थांबतो. सॉलेक्स यांचं नळ्यांचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य आहे, पेट्रोलच्या नळ्या मीही बदलल्या. "काहीही बदललं नाही" असं वर लिहिलं त्यात या झिजणाऱ्या वस्तू धरू नयेत.

ऑइलबद्दल एक सांगतो. या इंजिनाचे टॅपेट सपाट आहेत, कॅमवर घासत चालतात. त्यांना ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरस लागतं आणि नव्या गाड्यांच्या पातळ ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. साधं २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल घाला, महागाच्या सिंथेटिकच्या मागे जाऊ नका. आणि किंगपिनला (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) ग्रीस. नव्या पिढीतल्या मेकॅनिकला ग्रीस निपल कुठे आहेत हेच माहीत नसतं, तेव्हा ग्रीस गन स्वतःची ठेवा.

बोरिवलीकर
मी अजून गाडी घेतलेली नाही, घ्यायच्या विचारात आहे. पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या तेव्हापासून मनात आहे. पासिंगचं काय? व्हिंटेज नंबर मिळतो असं ऐकलं.

एनई_वाला (नाशिक)
बोरिवलीकर, व्हिंटेजचा केंद्राचा नियम २०२१ चा आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी लागते आणि बॉडी, चासी, इंजिनात मोठा बदल नको. नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण ती गाडी रोजच्या वापरात चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

आपल्यासारख्यांना साधं पासिंगच बरं. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. १ एप्रिल २०२२ पासून कारची नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली आणि पुढे २० वर्षांवरच्या गाड्यांना ती आणखी वाढवली. हा खर्च धरूनच गाडी घ्या.

माझ्यासारखं इंजिन बदलणार असाल तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर. माझ्या आरसीवर तो चढलेला आहे. नंबर न चढवता फिरणाऱ्या गाड्या मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. अपघात झाला तर विम्याचं सगळं तिथेच अडतं आणि समोरच्या माणसाचंही नुकसान होतं.

डिलाइट६८ (पुणे)
माझी गाडी ५० च्या पुढची आहे, तरी मी व्हीए नंबर घेतला नाही तो याच कारणाने. मला भोरला जायला रॅलीची वाट पाहायची नाही.

सॉलेक्स (डोंबिवली)
टॅक्सीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. २० वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ ला काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. लोकांनी फोटो काढले, हळहळले. आपल्यासाठी त्याचा खरा फटका स्पेअर पार्टला बसला. हजारो टॅक्सी चालत होत्या तोवर क्लच प्लेट, वॉटर पंप, व्हील सिलिंडर कुणीतरी बनवत होतं आणि ऑपेरा हाउसला सहज मिळत होतं. आता जे मिळतं ते उरलेलं आहे. जिथे जुना खरा माल दिसेल तिथे दोन घ्या. आणि जुने काढलेले पार्ट भंगारात देऊ नका, लेथमास्तरांसारख्या माणसाला नमुना म्हणून तेच लागतात.

लेथमास्तर (कोल्हापूर)
हे शंभर नंबरी बोललात. नमुना असला की निम्मं काम झालं. लोक गाडी आणत्यात आणि पार्ट हरवून येत्यात, मग अंदाजानं माप काढायचं म्हणजे तीन वेळा करावं लागतंय.

तांबडीमाती (कुडाळ)
बोरिवलीकर, घेताना रंग आणि क्रोम पाहू नका, सिल आणि फ्लोअर पाहा. मॅट उचला. गाडीवाला मॅट उचलू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. टॅक्सीची खासगी केलेली गाडी असेल तर छतावर कॅरिअरच्या खुणा, बॉनेटच्या डाव्या बाजूला मीटरची बुजवलेली भोकं दिसतात. ती गाडी घेऊच नये असं नाही, फक्त भाव त्याप्रमाणे करा.

घाटवाट, सीटच्या पट्ट्यांचं काय करताय? मुलं मागे बसणार म्हणालात म्हणून विचारते.

घाटवाट (कोल्हापूर)
ताई, बरं विचारलंत. या गाडीला कारखान्यातून पट्टे आलेच नव्हते. नुसता पट्टा विकत आणून फ्लोअरच्या पत्र्याला बोल्ट मारला तर धक्क्यात बोल्ट पत्रा फाडून निघतो. फ्लोअर उघडाच आहे, तेव्हा प्रत्येक बोल्टच्या खाली आतून जाड प्लेट वेल्ड करून घेतोय, मागच्या तीन जागांनासुद्धा. खांद्याच्या पट्ट्यासाठी मधल्या खांबात तशीच प्लेट. पुढच्या अख्ख्या सीटवर मधली जागा आता डब्यालाच, माणूस तिथे बसणार नाही. लहानपणी आम्ही तिघं-तिघं पुढे बसलोय, पण आता ते नको.

एनई_वाला, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. कसाऱ्याला रोजचं जाणं असतं तर मीही ए१२ कडे वळलो असतो. माझे रस्ते वेगळे आहेत. अंबा घाटात मला मागच्याला जागा देऊन पुढे जाऊ देता येतं, आणि दुसऱ्या गिअरमधला त्या इंजिनाचा आवाज मला हवा आहे. १०८९ च राहतंय. बोअर मोजून झाला, पुढच्या ओव्हरसाइजला (मोठ्या पिस्टनच्या मापाला) जाईल. हेड सरळ निघालं.

ब्रेक मात्र तुमच्या आणि काकांच्या सांगण्याप्रमाणे इंजिनाच्या आधी. माझ्या गाडीला एकच सर्किट आहे, एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून पुढचं-मागचं वेगळं करतोय. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) लावणार नाही. ड्रमच ठेवतोय. पायाखाली ब्रेक किती धरतोय ते मला कळायला हवं आणि उतारावर मी दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो.

लेथमास्तर, गुरुवारी दुपारी येतोय. सोबत कॉलमच्या दोन पिना, जुने बुश आणि पुढचे दोन्ही ड्रम आणतो. सॉलेक्स, व्हिटॉनच्या नळीचं आतलं माप किती घेऊ, ते इथेच टाका म्हणजे बाकीच्यांनाही मिळेल.

सॉलेक्स (डोंबिवली)
एकच आकडा सगळ्यांना देणं बरोबर नाही, गाड्यांत मधल्या काळात पाइप बदललेले असतात. तुमच्या टाकीकडून येणाऱ्या धातूच्या नळीचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा आणि तेवढ्याच आतल्या मापाची घ्या. सैल घेऊन क्लॅम्पने आवळू नका. क्लॅम्प पट्टीचे, स्क्रूच्या दाताने रबर कापणारे नकोत. आणि जुनी नळी काढाल तेव्हा तिचा तुकडा मला कुरिअर करा, आतून कशी झाली आहे ते कापून फोटो इथे टाकतो.